काचेमागचं वाक्य

“मुलगी आजारी नाही. मुलगी राज्य करते आहे. तिला मधून काढा.”

भिंतीवरच्या डबीएवढ्या स्पीकरमधून आलेला तो आवाज तिने अकराव्या वर्षी ऐकला, आणि पुढची पस्तीस वर्षं तो तिच्या कानातून गेला नाही. बाईमाणसाचा आवाज होता. तरुण, मऊ, स्वतःवर खूश. शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबणारा, जिना उतरताना माणूस शेवटच्या पायरीवर थांबतो तसा.

खोलीत चार खुर्च्या होत्या: आई, बाबा, दादा, ती. समोर एक चष्मेवाला समुपदेशक, आणि एका भिंतीला भला मोठा आरसा. आरशापलीकडे शिकाऊ मंडळी बसतात, त्यांना आपण दिसतो, आपल्याला ती दिसत नाहीत, त्यांचा फक्त आवाज येतो, असं आधी सांगितलं होतं. पण घरातल्या कुणाला ते धड उमगलं नव्हतं. आई आरशात बघून आपले केस सारखे करत होती.

सहा महिने मुलीचं पोट दुखत होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, फोटो काढून झाले, कडू औषधांच्या बाटल्या संपल्या, हाती काही लागलं नाही. म्हणून शेवटी ते या खोलीत आले होते, आणि या खोलीतल्या आवाजाने एका वाक्यात निकाल लावून टाकला. मुलीला वर्षभर मामाकडे ठेवायचं ठरलं. आईवडिलांना एकमेकांसाठी वेळ मिळावा म्हणून.

वेळ मिळाला. ती मामाकडे गेल्याला चाळीस दिवस झाले होते, तेव्हा बाबांचा हात आईच्या डाव्या कानावर बसला. पडदा फाटला, मग कान पिकला, मग तो कान कायमचा बंद झाला. बाथरूममध्ये पाय घसरला, असं आईने मामाला फोनवर सांगितलं. मुलगी परत आली तेव्हा आई उजवा कान पुढे करून बोलायला शिकली होती, आणि दादा एक नवीन वाक्य शिकला होता. ती दारातून आत आली की तो म्हणायचा, “आल्या राणीसाहेब.” लग्न होऊन तो दुसऱ्या गावी जाईपर्यंत म्हणत राहिला.

मोठी होऊन तिने कानांचाच धंदा धरला. माणसाला बंद केबिनमध्ये बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. वीस वर्षं तिने हेच केलं. कुणाला किती ऐकू येतं ते ती कागदावर रेघ काढून दाखवू शकायची. कोण ऐकू न येताच हात वर करतो तेही तिला चेहऱ्यावरून कळायचं.

आणि मग एकदा एका सभागृहात, बहिऱ्या मुलांच्या आईवडिलांशी कसं बोलावं यावर व्याख्यान होतं. ती शेवटच्या रांगेत बसलेली. व्यासपीठावर पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या राहिल्या, माइकवर दोन वाक्यं बोलल्या, तिसऱ्या वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबल्या. तिच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. आवाज म्हातारा झाला होता, पण पायरी तीच होती.

त्या बाई कुटुंब-समुपदेशक घडवण्याचा वर्ग चालवत होत्या. दर शनिवारी, सकाळपासून दुपारपर्यंत. पुढच्या वर्षी आई गेली, आणि आईनंतर दोन महिन्यांनी हिने त्या वर्गात नाव घातलं. बाबा कधीच गेले होते. सूड घ्यावा असं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते माणूस मुलाखतीत चष्म्यावरून बघत तिला विचारत होतं, “इथे का यावंसं वाटलं तुम्हाला?”

“ऐकायला शिकायचंय,” ती म्हणाली.

बाई खूश झाल्या.

वर्ग जेमतेम पाच जणांचा. एक निवृत्त खेळशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत; बोलले की मैदानावर बोलल्यासारखे. एक सिस्टर, इस्पितळात तीस वर्षं काढलेली. एक वकील, घटस्फोटाचे दावे चालवून कंटाळलेली. एक चिमणी, अंगाने आणि आवाजाने बारीक, पाळणाघर चालवणारी. आणि ती. तिचं नाव मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठेवलं: कानवाली.

“कानवाली, हळू बोललेलं पण ऐकू येतं म्हणे तुला?”

“मनात बोललेलं सोडून सगळं येतं, मास्तर.”

हसले सगळे. बाईही हसल्या. तिने ते हसू मोजून ठेवलं.

बाईंची ही शेवटची तुकडी होती. उन्हाळ्यानंतर त्या काम थांबवणार होत्या, मुलीकडे राहायला जाणार होत्या. म्हणजे तिच्या हातात आठ महिने होते. बाईंना एकट्यात गाठून जाब विचारणं तिला नको होतं. तिला तमाशा हवा होता, साक्षीदार हवे होते. जे वाक्य एका कुटुंबाने मान खाली घालून ऐकलं, ते बोलणारीने चार माणसांदेखत मान खाली घालून परत गिळावं, एवढीच तिची मागणी होती. त्यासाठी ती चार माणसं आधी बाईंवर नाराज हवी होती. म्हणून तिने शनिवार-शनिवार करत, चहाच्या सुट्टीत, एकेकाचे कान भरायला सुरुवात केली.

यात खोटं ती कधीच बोलली नाही. खऱ्याला फक्त जरा वळण द्यायची. “मास्तर, तुम्ही बोलायला लागलात की बाई घड्याळ बघतात. तुम्हाला नाही वाटत?” मास्तरांना तोवर वाटलं नव्हतं, मग वाटायला लागलं. “सिस्टर, तुम्ही त्या आजारी सासऱ्याचं सांगितलंत ना, बाईंनी वहीत एक अक्षर नाही लिहिलं. मी शेजारीच होते.” वकिलीणबाईंना बाई एकदा थट्टेत म्हणाल्या होत्या, मोडण्याची सवय झालीय तुम्हाला, जोडायला वेळ लागेल. ती दोन आठवडे थांबली, मग म्हणाली, “ते बाईंचं बोलणं तुम्ही फारच खेळीमेळीने घेतलंत हं. मला नसतं जमलं.”

विरजण लागलं. वर्गात उशिरा येणं सुरू झालं, उत्तरं तुटक झाली, बाई बोलत असताना वकील मोबाइल बघू लागली. पण तिने धरलेल्या हिशेबाप्रमाणे एक गोष्ट घडली नाही. बाईंसमोर तोंड उघडायची कुणाची छाती होईना. साठलेला राग कुठेतरी निघायला तर हवा. तो चिमणीवर निघू लागला. चिमणी बोलली की मास्तर म्हणायचे, “जरा आवाज काढ, पाळण्यातलं पोर झोपलेलं नाहीये इथे.” सिस्टर म्हणायची, “हिला सगळंच पटतं बाई.” चिमणी हसून घ्यायची, आणि पुढच्या शनिवारी आणखी कमी बोलायची.

कानवालीला ते दिसत होतं. वाईटही वाटलं. थोडंच. आपण ज्या कामाला निघालोय त्यात एवढं व्हायचंच, असं तिने मनाला सांगितलं. मनाने ते लगेच ऐकलं, आणि हेच तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. वर्गात नाही, दादाला नाही, आईला तर नाहीच. आई जायच्या आदल्या दुपारी तिचा हात हातात घेऊन म्हणाली होती, “एक विचारू? लहानपणी पोटात खरंच दुखायचं का गं तुझ्या?” तिने आईच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं होतं, “हो आई. फार दुखायचं.” आईने डोळे मिटले होते. ते उत्तर खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर आईला कळलं असतं की जे तिने आयुष्यभर दार लावून लपवलं, ते तिच्या अकरा वर्षांच्या पोरीला सगळं माहीत होतं. म्हणून ती खोटं बोलली, आणि ते खोटंही तिने बाईंच्याच खात्यावर मांडलं.

शेवटचे तीन शनिवार शिल्पांचे होते. हा त्या वर्गाचा जुना रिवाज. प्रत्येक शिकणाऱ्याने आपल्या घरातला एक क्षण इतरांना पुतळ्यांसारखं उभं करून दाखवायचा. रचणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त हात धरून, मान वळवून, जागा दाखवून माणसं मांडायची. हवं तर कुणाला एखादं वाक्य कागदावर लिहून द्यायचं. मग पुतळ्यांनी एकेक करून सांगायचं, या जागी उभं राहून काय वाटलं. आणि सगळ्यांत शेवटी, हे बाई पहिल्या दिवसापासून घोकून घेत आल्या होत्या, ज्याने रचलं त्यानेच प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सोडवायचं. तू आता माझी आई नाहीस, तू सिस्टर आहेस. तुम्ही माझे काका नाही, मास्तर आहात. “हे विसरलात तर माणूस दुसऱ्याचं घर अंगावर घेऊन आपल्या घरी जातो,” बाई म्हणायच्या.

तिची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तिनेच मागून घेतली होती.

खोली तशीच होती. अशा खोल्या सगळीकडे तशाच असतात. एका भिंतीला आरसा, वर डबीएवढा स्पीकर. तिने मास्तरांचा हात धरून त्यांना मधोमध उभं केलं आणि त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर उचलून ठेवला. सिस्टरला त्यांच्यासमोर, दोन हातांवर, मान किंचित खाली. वकिलीणीला कोपऱ्यात खिडकीकडे तोंड करून. आणि चिमणीला मास्तर नि सिस्टरच्या मधे खुर्चीवर, दोन्ही हात पोटावर. मग ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि चार घड्या घातलेला कागद पुढे केला.

“मी शिल्पात उभी राहत नाही. नियम आहे,” बाई म्हणाल्या.

तिने आरशाकडे बोट दाखवलं.

“आत बसू? एवढंच?” बाई हसल्या. “बरं. शेवटची तुकडी, शेवटचे लाड.”

त्या काचेमागे गेल्या. दार लागलं. स्पीकर खरखरला. कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि मग आवाज आला.

“मुलगी आजारी नाही. मुलगी राज्य करते आहे. तिला मधून... काढा.”

न अडखळता. न दचकता. वाणसामानाची यादी वाचावी तसं.

  आज्ञेप्रमाणे तिने चिमणीला दंडाला धरून उठवलं, दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खुर्ची बाजूला सारली. आता मास्तरांचा वर गेलेला हात आणि सिस्टर, मधे काहीच नाही.

  तिने मुद्दाम वेळ जाऊ दिला. मग ती पुढे गेली, मास्तरांचं मनगट धरलं आणि तो जाड पंजा सावकाश खाली आणून सिस्टरच्या डाव्या कानावर टेकवला. तसाच ठेवला.

“झालं,” ती म्हणाली. “हा माझ्या आईचा कान. या कानाने तिला पुढे जन्मात ऐकू आलं नाही. आणि बाई, ते वाक्य मी रचलेलं नाही. ते तुमचं आहे. पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही अशाच काचेमागून बोललात. मधून काढलेली पोरगी मी.”

मास्तरांनी हात असा मागे घेतला, जणू चटका बसला असावा. काचेमागचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या, कागद अजून हातात.

आता, तिला वाटलं. आता बघा.

पण आधी बोलली ती वकील. “एक मिनिट. तू हे पहिल्या दिवसापासून ठरवून आलीस?”

“हो.”

“म्हणजे ते, बाईंचं बोलणं मी खेळीमेळीने घेतलं, ते...”

“ही तुला पण काही म्हणाली होती?” सिस्टर वळली. “मला वहीचं सांगितलं. माझं बोलणं लिहून घेतलं नाही म्हणून.”

“मला घड्याळाचं!” मास्तर ओरडले. “आठ महिने मी त्या घड्याळावर डोळा ठेवून बसलोय! धड एक वाक्य पूर्ण केलं नाही मी!”

एकेकाचं उघडं पडत गेलं. आठ महिन्यांचे शनिवार त्यांनी पाच मिनिटांत समोरासमोर ठेवले, आणि सगळ्या वाटा तिच्याकडेच जात होत्या. तिने ज्यांना साक्षीदार म्हणून तयार केलं ते तिचेच फिर्यादी झाले. आणि ते शिकलेले लोक होते. नुसतं चिडून भागणार नव्हतं, त्यांना तिचा अर्थ लावायचा होता.

“स्वतः मधे बसून सगळ्यांना खेळवायचं, ही लहानपणचीच सवय दिसते,” सिस्टर म्हणाली.

“दुखणं दाखवून हुकूम चालवायचा,” वकील म्हणाली.

मास्तर कमरेवर हात ठेवून म्हणाले, “मग काय चुकलं गं बाईंचं? राज्य तर करतेसच की तू!”

 आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

ती हसली. गोड हसू नव्हतं ते. “बघितलंत बाई? एवढं सोपं असतं. आता तुम्ही बोला.”

बाई खुर्चीवर टेकल्या. आज पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं. “मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुमचं कुटुंब. तुम्ही. तुमची आई. मी इतका वेळ आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवत. वाक्य माझं असेल. माझंच आहे. तेव्हा आम्ही असंच बोलायचो. काचेमागे सगळे माना डोलवायचे, मला वाटायचं काय तल्लख बोलतेय मी. अशी वाक्यं मी किती घरांत सोडली असतील.” त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “माफी मागायला हवी. पण आठवत नसलेल्याची माफी मागितली तर तीही तुमची फसवणूकच.”

बाई रडल्या असत्या तर तिने सोडलं नसतं. नाकारलं असतं तर आणखी बरं. तारीख, वार, खोली, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण ज्या आवाजाला तिने पस्तीस वर्षं कानात जागा दिली, त्या आवाजाने तिला चार दिवसही मनात ठेवलं नव्हतं. वार करायला उगारलेला हात हवेतच राहावा, तसं तिचं झालं. मास्तरांच्या त्या हातासारखा.

“मी वळू का?”

आवाज इतका बारीक होता की कानवालीलाच आधी ऐकू आला. चिमणी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, अजून तशीच उभी होती. दोन्ही हात पोटावर.

सगळ्यांचे चेहरे पडले. एवढ्या भांडणात तिला सोडवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. ना चार शिकणाऱ्यांच्या, ना तीस वर्षं शिकवणारीच्या.

“अगं, वळ की!” सिस्टर पुढे झाली.

“नको,” बाई म्हणाल्या. “जिने रचलं तिनेच.”

ती चिमणीजवळ गेली. खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा झाला होता. चार शब्दांचं काम होतं: तू आता मी नाहीस. तोंड उघडलं, तर चिमणीच बोलली, भिंतीशी बोलल्यासारखं.

“आधी मला एक सांग ना. तुम्ही सगळे भांडत होतात, मी मागे पोट धरून उभी. काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पहिल्यांदा मी नाटक करत होते, मग खरंच पिळायला लागलं. मला आता कळेना झालंय. दुखत होतं का माझं? तुझं, म्हणजे. तुला कधी कुणी विचारलंच नाही ना?”

 तिने चिमणीला हळूच वळवून समोर आणलं. चिमणीच्या गालावर भिंतीचा चुना लागला होता, तो तिने बोटाने पुसला. मग ती तिच्याशीच बोलली, पण बघत होती बाईंकडे.

“नव्हतं दुखत. एकदाही नाही. बाबा जिना चढायचे त्या पावलांवरून मला कळायचं आज काय होणार. मग मी त्या दोघांच्या मधे आडवी पडायचे आणि कण्हायचे. मी कण्हत असेपर्यंत ते तिला मारायचे नाहीत. सहा महिने एकदाही मारलं नाही.”

मास्तर खाली बसले. बाईंनी कागद मांडीवर ठेवला.

“तुम्ही बरोबर ओळखलंत, बाई. आजारी नव्हतेच मी. तेवढं ओळखलंत, तर मग का, एवढंच विचारायचं होतंत. मी त्याच खुर्चीवर, तिथल्या तिथे सांगितलं असतं. आई शेजारीच बसली होती. तेव्हा तिला दोन्ही कानांनी ऐकू यायचं.”